वाचकांचे प्रश्न : सर्वश्रेष्ठ कोण, आणि तालमीतला जोर पिंजऱ्यात का सापडत नाही

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एमएमएबद्दल, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सबद्दल आहेत : जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं तो खेळ. काहींना वाद मिटवायचा आहे, काहींना घरातल्या पोराची काळजी आहे. दोन्ही प्रकारच्या पत्रांचा धागा शेवटी एकच निघतो, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर खबीबवरून वाद पेटलाय. 29 लढती, 29 विजय. तरी लोक सेंट-पिअर नाहीतर जॉन जोन्सचं नाव घेतात. हरलेला माणूस न हरलेल्यापेक्षा मोठा कसा?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : 29-0 हा आकडा खरा आहे आणि तो कमी लेखण्याचं कारण नाही. खबीब नुरमागोमेदोव ज्या तऱ्हेने जिंकायचा ते तर कोल्हापूरकराला लगेच कळावं. समोरच्याला जाळीला टेकवायचं, खाली बसवायचं, त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांत अडकवायचे, आणि त्याने उठण्यासाठी हात टेकला की तोच मनगटातून धरून त्याच्या पाठीमागे न्यायचा. आता त्याच्याकडे टेकायला हात नाही आणि उठायला पाय नाही. मोकळ्या हाताने खबीब मारत राहायचा. हा शुद्ध ताब्याचा खेळ आहे, फक्त त्याला जाळीची जोड दिलेली.

पण किताबासाठी तो एप्रिल 2018 ते ऑक्टोबर 2020 इतक्याच काळात लढला आणि या काळात त्याने तो तीनदा राखला : मॅकग्रेगर, पोरिए आणि गेथजी यांच्याविरुद्ध. सलग किताब राखण्याचे आकडे शेजारी ठेवा. जॉर्ज सेंट-पिअर 9, अँडरसन सिल्वा 10, दिमित्रियस जॉन्सन 11. हा यूएफसीतला, म्हणजे एमएमएच्या सर्वांत मोठ्या संस्थेतला, विक्रम जॉन्सनचाच आहे. आकड्यामागचा अर्थ असा की दहा वेळा किताब राखणाऱ्याचा खेळ दहा वेगवेगळ्या गोटांनी महिनोन्‌महिने अभ्यासलेला असतो. त्याचा प्रत्येक डाव सगळ्यांना पाठ असतो, तोड शोधून झालेली असते, आणि तरीही तो डाव बसतो. आमच्या लेखी मोठेपणाची कसोटी हीच. गेथजीविरुद्धच्या लढतीनंतर खबीब निवृत्त झाला. त्याच वर्षी वडील गेले होते आणि तेच त्याचे वस्ताद होते. त्याने घेतलेला निर्णय माणूस म्हणून मोठा आहे, पण न झालेल्या लढती आपण त्याच्या खात्यावर जमा करू शकत नाही.

आमचं मत सेंट-पिअरच्या बाजूने आहे. 26 विजय, 2 पराभव. पहिला मॅट ह्यूजकडून, 2004 मध्ये, पहिली फेरी संपायला एक सेकंद उरला असताना. दुसरा एप्रिल 2007 मध्ये मॅट सेराकडून, आणि तो त्या काळातल्या सर्वांत अनपेक्षित निकालांपैकी एक होता. पुढे दोघांनाही त्याने हरवलं. शाळा-कॉलेजात तो कुस्ती खेळलेला नव्हता, कराटेतून आला आणि मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय दर्जाच्या मल्लांबरोबर घाम गाळून कुस्ती शिकला. असं असूनही ऑगस्ट 2007 मध्ये त्याने जॉश कॉशचेकला, जो अमेरिकन विद्यापीठ कुस्तीतला राष्ट्रीय विजेता होता, त्याच्याच खेळात खाली पाडलं. डिसेंबर 2010 मध्ये दोघे पुन्हा भेटले तेव्हा कॉशचेक पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, अडवायच्या तयारीने आला होता. सेंट-पिअरने पटाची हूल देत देत पाच फेऱ्या डाव्या हाताचा सरळ ठोसा, जॅब, मारला. कॉशचेकच्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. समोरचा ज्यासाठी तयार होऊन आला आहे ते न करता जिंकणं, हे फार थोड्यांना जमलं.

त्याच्याविरुद्धही बोलण्यासारखं आहे आणि ते लपवायला नको. नोव्हेंबर 2013 ची जॉनी हेंड्रिक्सविरुद्धची लढत त्याला विभागलेल्या निकालाने, म्हणजे तिघांपैकी दोन पंचांच्या मताने, मिळाली आणि ती तो हरला असं मानणारे जाणकार पुष्कळ आहेत. नंतर चार वर्षं बाहेर राहून 2017 मध्ये तो वरच्या वजनात परतला आणि मायकेल बिस्पिंगचा किताब मागून गळा आवळून काढून घेतला.

जोन्सची गुणवत्ता या सगळ्यांहून जास्त असेल. 2011 मध्ये 23 व्या वर्षी विजेता, पुढे 2023 मध्ये हेवीवेटचाही किताब. एकमेव पराभव मॅट हॅमिलविरुद्ध 2009 मध्ये, तोही नियमबाह्य कोपर मारल्यामुळे बाद ठरवल्याने. पण 2016 आणि 2017 मध्ये तो उत्तेजक चाचणीत सापडला आणि 2017 चा कॉर्मिएरवरचा विजय रद्द झाला. सिल्वाही 2015 मध्ये चाचणीत अडकला. ज्यांना हे गौण वाटतं त्यांनी जोन्सला पहिला म्हणावं, आम्ही म्हणणार नाही.

फेडोर इमेल्यानेंकोला विसरणं मात्र अन्याय होईल. 2000 च्या शेवटी एका लढतीत जखम झाल्याने हरला, त्यानंतर थेट जून 2010 पर्यंत, फॅब्रिसिओ वेर्डूमने 69 सेकंदांत टॅप करायला, म्हणजे हात थोपटून हार मानायला, लावेपर्यंत, अपराजित. त्यातली बरीच वर्षं जपानच्या प्राइड या संस्थेच्या लढतींत, जिथे पहिली फेरी 10 मिनिटांची असायची आणि पडलेल्याच्या डोक्यात लाथ मारायला परवानगी होती. आणि स्त्रियांत अमांडा न्युनेस : डिसेंबर 2018 मध्ये क्रिस सायबोर्गला 51 सेकंदांत पाडून तिने दोन वजनांचे किताब एकाच वेळी धरले. तिच्याशी तुलना करायला दुसरं नाव नाही.

प्रश्न : “अमुक एकाने जिममध्ये तमुक विजेत्याला लोळवलं होतं” अशा गोष्टी नेहमी ऐकू येतात. श्रेष्ठ ठरवताना त्या धरायच्या का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : धरू नयेत. सरावात कोण कशासाठी उतरलाय हे बाहेरच्याला दिसत नाही. एखादा विजेता त्या दिवशी मुद्दाम पाठीवर पडून उठायचा सराव करत असतो, एखादा दुखऱ्या गुडघ्याने खेळत असतो, एखाद्याची ती सहावी फेरी असते आणि समोरचा ताजा असतो. सरावात हरायला तयार असणं हा तर चांगल्या लढवय्याचा गुण आहे, कारण नवा डाव फसल्याशिवाय बसत नाही. वस्ताद मोठ्या पैलवानाला मुद्दाम लहान पोरांखाली घालून सोडवायला लावतात, तेव्हा कोणी निकाल मांडत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 22 वर्षांचा आहे. जिममध्ये 5 मिनिटांच्या पाच फेऱ्या मारतो, त्याला कोणी आवरत नाही. पण दोन हौशी स्पर्धांत दीड-दोन मिनिटांतच हात खाली आले, तोंड उघडं पडलं, दोन्ही हरला. दम कमी आहे म्हणून रोज 8 किलोमीटर पळतोय, फरक पडत नाही. हे काय आहे?
— एक वाचक, कागल

उत्तर : जो पोरगा 25 मिनिटं खेळतो त्याचा दम दोन मिनिटांत संपत नाही. पळणं वाढवून म्हणूनच फरक पडला नाही. त्याचा दम लढतीआधीच आणि पहिल्या मिनिटात खर्च होतोय.

लढतीची भीती आणि ईर्ष्या यांनी शरीरात अॅड्रेनालिन उसळतं. नाव पुकारायच्या आधीच छातीचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, खांदे आणि मुठी आवळलेल्या राहतात. घंटा वाजली की शरीर सर्वांत झटपट इंधन जाळायला लागतं, आणि पूर्ण ताकदीचा असा झपाटा काही सेकंदच टिकतो. पुढची कसर शरीर ज्या मार्गाने भरून काढतं त्यात स्नायूंत आम्लता साठते. हात जड होतात ते यामुळे. त्यात श्वास रोखून ठोसे मारले आणि न बसलेला गळा दातओठ खाऊन आवळत बसला, तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगड होतो आणि मूठही वळत नाही.

हे मोठमोठ्यांना झालंय. शेन कार्विनने जुलै 2010 पर्यंतच्या आपल्या सगळ्या 12 लढती पहिल्याच फेरीत जिंकल्या होत्या. ब्रॉक लेस्नरविरुद्ध त्याने पहिल्या फेरीत लेस्नरला पाडून मारताना सगळी शक्ती ओतली. लढत थांबली नाही. दुसऱ्या फेरीला उभा राहिला तो रिकामा झालेला कार्विन होता, लेस्नरने त्याला खाली नेऊन गळ्यात टॅप करायला लावलं. जागेचाही फटका बसतो. दमासाठी नावाजलेला केन वेलास्केझ जून 2015 मध्ये मेक्सिको सिटीत वेर्डूमसमोर पहिल्या फेरीनंतर विझत गेला. ते शहर 2,200 मीटरहून उंच आहे. वेर्डूम उंचीवर बराच आधीपासून जाऊन राहिला होता, वेलास्केझ उशिरा पोचला होता.

आता तुमच्या भावाच्या जिममध्ये काय पाहायचं ते सांगतो. मोबाइल एका कोपऱ्यात उभा करून त्याची एक पूर्ण फेरी चित्रित करा आणि नंतर घड्याळ लावून बघा. गादीच्या कडेला गेले म्हणून थांबले, भिंतीला लागले म्हणून पुन्हा मधे आले, ग्लोव्हची पट्टी सुटली, जोराचा बसला म्हणून हात मिळवला : असे तीन सेकंदांहून मोठे सगळे थांबे मोजा आणि 5 मिनिटांतून वजा करा. खरी झुंज किती उरली ते दिसेल. या थांब्यांतच त्याला श्वास मिळतो आणि पिंजऱ्यात तो मिळत नाही. दुसरं, त्याचे जोडीदार रोजचेच. त्यांचा उजवा हात कधी येतो हे त्याला पाठ आहे, म्हणून तो सैल असतो. अनोळखी माणसासमोर प्रत्येक हालचालीला अंग आखडतं. तिसरं, सरावात 16 औंसाचा, म्हणजे सुमारे 450 ग्रॅमचा ग्लोव्ह असतो. त्यामागे तोंड लपवता येतं. लढतीतला 4 औंसाचा ग्लोव्ह 113 ग्रॅमचा, त्याच्या फटीतून ठोसा आरपार येतो. जिममध्ये अडलेला ठोसा लढतीत लागला की माणूस गोंधळतो आणि गोंधळला की जास्त जोर लावतो.

उपाय आठ आठवड्यांचा आहे. लढतीच्या सहा, चार आणि दोन आठवडे आधी अशा तीन खोट्या लढती ठेवा. एखाद्या शनिवारी, स्पर्धेच्याच वेळेला, त्या दिवशी जे खाणार तेच खाऊन. दुसऱ्या जिमचे किंवा तालमीचे तीन जोडीदार बोलवा, इचलकरंजीहून, सांगलीहून, कुठूनही, पण त्याच्या ओळखीचे नकोत. प्रत्येक फेरीला नवा, ताजा माणूस. पंच हवा, घंटा हवी, बघायला पंधरा-वीस लोक हवेत. भिंतीला लागले तरी थांबवायचं नाही, तिथूनच खेळायचं. कोपऱ्यातला माणूस एका मिनिटाच्या विश्रांतीत पहिले 20 सेकंद एक शब्द बोलणार नाही, फक्त श्वास सोडायला लावेल. मग दोनच सूचना, कारण तिसरी कोणाला ऐकू येत नाही.

विश्रांतीच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोके मोजा. ढोबळ मानाने 180 वर गेलेले ठोके मिनिटात 150 च्या खाली येत असतील तर दम ठीक आहे आणि प्रश्न घाईचा आहे. 160-165 वरच अडकत असतील तर मात्र आठवड्यातून दोनदा 40-45 मिनिटं संथ पळणं उपयोगाचं, बोलता येईल इतक्या गतीने. रोज 8 किलोमीटर दामटून पाय जड करून घेण्यात अर्थ नाही.

स्पर्धेच्या दिवशी सर्वांत जास्त घोटाळा गरम होण्यात होतो. हौशी स्पर्धेत फेऱ्या बहुधा 3 मिनिटांच्या असतात. तुमच्या आधीच्या तीन लढती पूर्ण चालल्या तर 45 मिनिटं लागतील, झटपट संपल्या तर 10 मिनिटांत तुमचा नंबर. म्हणून तीन लढती आधी हलका घाम काढायचा, अंगावर जाड जाकीट ठेवायचं, आणि शेवटच्या लढतीच्या वेळी 20-20 सेकंदांचे दोन-तीन झपाटे पूर्ण ताकदीने मारायचे, मध्ये मिनिटभर सोडून. पहिली धाप तिथेच लागून गेली पाहिजे. कोरड्या अंगाने आत गेलेल्याची ती धाप पिंजऱ्यात लागते, आणि दोन मिनिटांत हात खाली येतात ते बहुतेक वेळा याच कारणाने.

पहिल्या मिनिटासाठी त्याला तीनच कामं द्या : पिंजऱ्याचा मध्य धरायचा, प्रत्येक ठोशाला नाकातून आवाज येईल असा श्वास सोडायचा, आणि गळा हाताला लागला तरी 8-10 सेकंदांत बसला नाही तर सोडून द्यायचा. आणि त्याला हेही सांगा की भीती जात नसते. सेंट-पिअरने आपल्याला प्रत्येक लढतीआधी भीती वाटायची असं उघड सांगितलं आहे.

प्रश्न : जोराचं स्पॅरिंग, म्हणजे सरावातली झुंज, आठवड्यातून किती वेळा करावं? हेडगार्ड घातलं तर डोक्याला धोका नाही ना?
— एक पालक, शाहूपुरी

उत्तर : हेडगार्डने भुवई फाटत नाही, कान वाचतो. आत मेंदू हलतो तो त्याने थांबत नाही. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून 2013 साली हेडगार्ड काढलं गेलं आणि रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले. तेव्हा हेडगार्ड आहे म्हणून जोर वाढवणं सर्वांत वाईट.

जोराची फेरी आठवड्यातून एक दिवस, तीन फेऱ्यांपर्यंत, आणि तीही लढत ठरलेली असेल तरच. बाकी दिवस तंत्राचं स्पॅरिंग : अंगावर निम्मा जोर, डोक्यावर फक्त स्पर्श. शेवटचे 10 दिवस डोक्याला काहीच नको. मुलगा सरावात क्षणभर जरी बधिर झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, संध्याकाळी डोकं दुखलं किंवा उलटी झाली, तर त्या दिवशी थांबवून डॉक्टरकडे न्या. ठोशाने पडलेल्या व्यावसायिक खेळाडूला परदेशातली क्रीडा मंडळं साधारण 30 ते 90 दिवस स्पर्धेपासून दूर ठेवतात. आपल्याकडे तो नियम जिममध्ये कोणी लावणार नाही, तो घरच्यांनी लावायचा. “काय होत नाही, चल” म्हणणारा कोच असेल तर जिम बदला.

प्रश्न : पाच वर्षं मातीतली कुस्ती केली आहे, गंगावेशकडच्या मैदानांत जोडही चांगली मिळते. आता एमएमए सुरू केलं. पट बसतो, पण पुढे गळा सापडतो किंवा पाठ जाते. काय सोडायचं आणि काय ठेवायचं?
— एक पैलवान, करवीर तालुका

उत्तर : तुमची कंबर, मान, पकड आणि तोल ही शिदोरी सोन्यासारखी आहे. अडचण सवयींची आहे, आणि त्या सवयी कुस्तीत अगदी बरोबर आहेत म्हणूनच सुटायला जड जातात.

सर्वांत मोठी सवय पालथं पडण्याची. खाली गेलो की छाती मातीला चिकटवायची, कोपरं अंगाशी, पाय फाकलेले, म्हणजे समोरचा चीत करू शकत नाही. इथे पाठ टेकल्याने कोणी हरत नाही, आणि पालथ्या माणसाच्या पाठीवर बसणं हीच समोरच्याची सर्वांत आवडती जागा. तो दोन्ही टाचा तुमच्या मांड्यांच्या आत अडकवतो, हनुवटीखालून हात घालतो आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतो. नीट बसलेला गळा दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध घालवतो. म्हणून खाली गेलात की पोटावर नको, एका कुल्ह्यावर या. वरचं कोपर गुडघ्याला भिडवा म्हणजे मध्ये ढाल तयार होते. मग जाळीपर्यंत सरका, पाठ जाळीला लावा, एक हात मागे टेका, कुल्हा बाहेर काढून उभे राहा. सराव असा : जोडीदाराने पाठीवर बसायचं, तुम्ही पालथे, 20 सेकंदांत उभं राहायचं. एक मिनिटाचे सहा डाव, आठवड्यातून तीन दिवस. पहिले दोन महिने अंग आपोआप पालथं होईल, त्याला वेळ द्यावा लागतो.

गळा सापडतो तो डोक्याच्या जागेमुळे. एकेरी पट काढताना डोकं आत, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटलेला, नजर वर. नजर जमिनीकडे गेली की मान त्याच्या काखेत जाते आणि गिलोटिन, म्हणजे समोरून आवळलेला गळा, बसतो. दुहेरी पटात डोकं बाहेरच्या बाजूला राहतंच, तेव्हा पाडता पाडता मान ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला उतरायचं, आणि आवळणाऱ्या हाताचं मनगट पहिल्या क्षणी दोन्ही हातांनी धरायचं. त्याच बाजूला उतरलात तर तुमच्याच वजनाने फास घट्ट होतो.

पट लांबून मारू नका. मातीत खडाखडी करून, मान झोंबून मग पटात शिरतो. इथे तसं वाकून मान पुढे दिली तर खालून ठोसा नाहीतर गुडघा येतो. सरळ उभं राहायचं, हात भुवईच्या उंचीला, हनुवटी छातीकडे. डावा, उजवा मारायचा, समोरच्याने हात वर घेतले की खाली. अंतराची खूण : हात लांब करून त्याच्या खांद्याला बोट लागत असेल तरच पट, नाहीतर नाही. पहिल्यांदा रोज अशी 50 आवर्तनं हवेत, मग जोडीदारावर.

मातीने पकड धरते, घामाने सुटते. दुसऱ्या फेरीत तळव्याने दंड धरायला गेलात तर निसटणारच. म्हणून बोटांऐवजी कोपराच्या घडीने अडकवा, आणि कमरेला मिठी घालताना तळव्यावर तळवा, अंगठे बाहेर. धोबीपछाडसारखे पाठ देऊन मारायचे डाव काही काळ बाजूला ठेवा, फसला तर पाठ आयती जाते. कलाजंगही गळ्याच्या दृष्टीने जोखमीचा आहे, पण मान सांभाळायला शिकल्यावर परत आणता येईल. एकेरी पट, कमरेची मिठी, पायाची आतून आकडी हे सगळं ठेवा, जाळीला टेकवून तर ते मातीपेक्षा चांगलं बसतं.

मैदान बदललं की चांगल्या मल्लालाही वेळ लागतो. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीवर वाढलेल्या खाशाबा जाधवांना गादीही नवी होती आणि नियमही, तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. या चार वर्षांत त्यांनी कुस्ती नव्याने शिकली नाही, त्याच कुस्तीला गादी शिकवली.

प्रश्न : माझ्या मित्राने समोरच्याला प्रत्येक फेरीत पाडलं तरी पंचांनी त्याला हरवलं. हा अन्याय नाही का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : लढत पाहिल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही. गुण देताना पंच आधी पाहतात प्रभावी मार आणि प्रभावी झोंबी : कोणी जास्त इजा केली, कोण शेवटाच्या जवळ पोचला. त्यात दोघे सारखे असतील तरच आक्रमकता, आणि तीही सारखी असेल तरच पिंजऱ्यावरचा ताबा. नुसतं पाडून धरून ठेवलं, ठोसा नाही, गळ्याचा प्रयत्न नाही, आणि समोरचा खालून कोपरं मारत राहिला, तर फेरी त्याची होऊ शकते. कुस्तीच्या डोळ्याला हे पटायला जड जातं. पाडल्यावर पहिल्या पाच सेकंदांत तीन ठोसे, ही सवय मित्राला लावा.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, वजन 74 किलो. कोच म्हणतात 65.8 च्या गटात उतर, तिथे तो सगळ्यांत दांडगा दिसेल. स्पर्धा सहा दिवसांवर. रबरी सूट आणि लघवीची गोळी आणून दिली आहे. द्यावी का?
— एक पालक, जयसिंगपूर

उत्तर : नाही. गोळी आजच फेकून द्या.

हिशेब बघा. 74 मधून 65.8 म्हणजे 8.2 किलो, अंगाच्या वजनाच्या 11 टक्के, सहा दिवसांत. ही चरबी नसते, पाणी असतं. अंगाच्या वजनाच्या दोन टक्के इतकं पाणी कमी झालं तरी दम उतरायला लागतो. मेंदूभोवतालचं पाणीही घटतं आणि ते चोवीस तासांत पुरतं भरून येईल याची खात्री नसते, अशा डोक्यावर ठोसा बसला तर काय होईल याचा विचार करा. लघवीच्या गोळीने पोटॅशियम जातं, हृदयाचे ठोके बिघडतात, शिवाय ती उत्तेजक चाचणीत बंदी असलेल्या यादीत आहे. 1997 मध्ये अमेरिकेत वजन उतरवताना विद्यापीठाचे तीन मल्ल काही आठवड्यांत दगावले. डिसेंबर 2015 मध्ये आशियातल्या एका मोठ्या एमएमए स्पर्धेआधी चिनी खेळाडू गेला आणि त्या संस्थेला वजनाचे नियमच बदलावे लागले. खुद्द खबीबला मार्च 2017 मध्ये वजन उतरवताना दवाखान्यात न्यावं लागलं आणि लढत रद्द झाली. एवढं सगळं करून पदरात काय पडेल याचीही हमी नाही : पॅरिसमध्ये विनेश फोगाट रात्रभर झटूनही 100 ग्रॅमने बाद झाली.

ही स्पर्धा 77.1 च्या गटात खेळू द्या. तो गट भरला असेल तर ही सोडा. पुढच्या वेळी 70.3 चा गट धरा, तो त्याच्या अंगाचा आहे. 3.7 किलो आठ आठवड्यांत उतरवायचे, आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. थंडाई, तूप आणि जादा भाकरी यांच्यावर आधी हात आवरा. तालमीचा जुना खुराक दोन वेळच्या मेहनतीसाठी आणि वजन वाढवण्यासाठी होता, एक मोठा चमचा तुपात सव्वाशे कॅलरी जातात. अंडी, डाळ, दही, चिकन तसंच ठेवा. शेवटच्या तीन-चार दिवसांत मीठ आणि कोंड्याचे पदार्थ कमी केले की एक-दीड किलो आपोआप हलकं होतं, त्यासाठी तहान मारावी लागत नाही. वजन आणि लढत एकाच दिवशी असेल तर हेही करू नका, ठरल्या वजनाला आठवडाभर आधीच पोचा.

वजन झाल्यावर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं, जास्त घट्ट नाही. जितकं वजन पाण्याने उतरलं त्याच्या दीडपट पाणी हळूहळू पोटात गेलं पाहिजे, पण तासाला एक लिटरपेक्षा जास्त नको. सोबत मऊ भात, दही, केळी, उकडलेला बटाटा. पोरं वजन दिलं की थेट मिसळीवर किंवा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर तुटून पडतात. तिखट आणि तेल पोटात तासन्‌तास पडून राहतं, पाणी शोषायला अडथळा करतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पटालाच मळमळतं. रस्सा लढत झाल्यावर, हवा तेवढा.